दुधाने चिकटवलेली नावं

जर्मनीहून परत आले तेव्हा आमच्या कराडच्या भिशीतल्या बायकांनी विचारलं, "मग, काय काय पाहिलंत?" मी म्हटलं, "अमेरिका पाहिली." सगळ्या फिदीफिदी हसल्या. एक म्हणाली, "विमानात झोप लागली असेल यांना, कुठे उतरल्या तेच कळलं नाही!" पण मी काही खोटं बोलत नव्हते.

माझी मुलगी राहायची ती वसाहत स्टुटगार्टच्या बाहेर. एस-बाननं, म्हणजे तिथल्या लोकलनं जायचं आणि पुढे थोडी बस. युद्धानंतर तिथे अमेरिकेचं सैन्य राहिलं होतं, त्यांच्या बायकामुलांसाठी अमेरिकनांनी आपल्या पद्धतीनं ही घरं बांधली. रस्ते आपले दोन मावतील एवढे रुंद. तिमजली लांबलचक इमारती, सगळ्या एकीसारखी दुसरी, मध्ये हिरवळ, आणि कुंपण म्हणून कुणाला नाही. पुढे फौजी मायदेशी गेले, घरं साध्यासुध्या माणसांना मिळाली, पण रस्त्यांना अमेरिकेतल्या राज्यांची नावं होती ती तशीच राहिली. त्यामुळे घरातलं बोलणं असं व्हायचं, "टेक्सासच्या कोपऱ्यावरची बेकरी उघडी आहे का बघ," किंवा "काचेच्या बाटल्या टाकायला ओहायोत जावं लागतं आई, आणि दुपारी नाही हं टाकायच्या, आवाज होतो." ओहायो म्हणजे डाव्या हाताला चालत पाच मिनिटं. मी रोज संध्याकाळी फ्लोरिडाला वळसा घालून यायचे. आता सांगा, अमेरिका पाहिली की नाही?

दोन हजार चौदा-पंधरा साल असेल. मी गेले होते लेकीच्या बाळंतपणाला. नातू झाला होता. जावई गाडीच्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या एका ठिकाणी इंजिनियर, भला माणूस, मला अहोजाहो करणारा, पण कामानं पिचलेला. मी जाताना डिंक, अळीव, बाळंतशेप, खारका, सगळं नेलं. विमानतळावरच्या माणसानं अळिवाची पिशवी उघडून वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मीच त्याला विचारलं, "लाडू देऊ का?" त्याला काय कळलं देव जाणे, पण सोडलं.

माझा व्हिसा तीन महिन्यांचा. तेवढ्यात बाळंतीण उभी करायची, बाळाची मान धरलेली बघायची आणि परत यायचं, असा हिशेब. मी आमच्या गल्लीतल्या किती बायकांची बाळंतपणं पाहिली आहेत. मला वाटलं, त्यात काय, तेल-पाणी, शेक, खाणं-पिणं, झोप, झालं.

पण लेक उभी राहीना. अंगानं बरी होती हो. लाडू खायची, दूधही होतं. पण बाळ दूध पिऊन झोपलं की ही खिडकीशी बसायची. बाहेरच्या हिरवळीकडे बघत. विचारलं, "काय गं, काय बघतेस?" तर म्हणायची, "काही नाही." आणि गालावरून पाणी. बाळ रडलं की दचकायची आणि म्हणायची, "मला जमत नाहीये आई. मला नाही जमणार हे." जी पोरगी एकटी परदेशात येऊन शिकली, तिला बाळाची दुपटी बदलायला भीती वाटायची.

तिथे एक फार चांगली पद्धत आहे, बाळंतिणीच्या घरी सुईण येते. हेबामं म्हणतात तिला. पोटऱ्या उघड्या टाकून सायकलवर यायची, बाळाला तोलायची, लेकीशी बोलायची. तिनं मला लेकीकरवी सांगितलं, "पहिल्या दिवसांत रडू येतं, ते साधं आहे. पण हे लांबलंय. मी डॉक्टरांची वेळ घेऊन देते. आणि हिला एकटं ठेवू नका. रोज बाहेर न्या, चालवा." मी मान हलवली. डॉक्टरचं ठीक, पण बाहेर? मार्चमधला तो वारा! आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. मी तिच्या कानांना रुमाल बांधून ठेवला होता. हेबामं गेली की मी खिडकीची फट टॉवेलानं बुजवायची, आणि हेबामं आली की पहिलं काम ती खिडकी उघडायची. आमचं दोघींचं युद्ध असं न बोलता चालायचं. मी माझ्याच शब्दाला चिकटून. सव्वा महिना झाला तरी म्हणायचे, "अजून गारठा आहे, पुढच्या आठवड्यात बघू."

त्यातच जावयांना इंगोलश्टाटला, दुसऱ्या शहरात, प्रोजेक्ट लागला. सोमवारी पहाटे जायचं, गुरुवारी परत. त्यांनी नाही म्हणून पाहिलं, झालं नाही. मला म्हणाले, "आई, तुम्ही आहात तोवर मला काळजी नाही." हे ते बोलले आणि मी कॅलेंडरवर परतीचे दिवस मोजले. मी आहे तोवर. आणि मी गेल्यावर? सोमवार ते गुरुवार ही पोरगी त्या घरात, त्या खिडकीशी, तान्ह्या बाळाला घेऊन एकटी. तेव्हापासून मला झोप नाही. दुसऱ्या कशाचंच मनात येईना, फक्त हेच, की माझ्यामागे हिच्याजवळ कोण?

वसाहतीत चार-पाच मराठी घरं होती, नाही असं नाही. सगळी पुण्या-मुंबईची, गाड्यांच्या नाहीतर सॉफ्टवेअरच्या कामातली. बारशाला तीस माणसं जमली, पोरींनी आळीपाळीनं डबे आणून दिले. पण सगळ्या नोकऱ्या करणाऱ्या, सकाळी सातला घराबाहेर. आणि आमच्या जिन्यावर तर कुणी कुणाशी बोलताना मी पाहिलंच नव्हतं. सहा दारं. भेटले की "हालो", आणि दार बंद. समोर एक तुर्की काका-काकू, वर एकटे राहणारे निवृत्त बसड्रायव्हर आणि दोन मुलांची एक आई, खाली एक तरुण जोडपं, सकाळी जाऊन रात्री येणारं. आणि त्यांच्यासमोर खालच्या आजी. आजी म्हणते खरी, माझ्याहून आठ-दहा वर्षांनीच मोठ्या असतील, पण त्यांचा दराराच तसा होता. उंच, ताठ, केस बॉबकट, पायात लोकरी चपला. त्या दारात उभ्या राहिल्या की मी माझा पदर नीट करायचे.

या आजींच्यामुळेच पुढचं सगळं घडलं. की माझ्यामुळे? सांगते.

त्या भागात एक रिवाज आहे, केअरवोखं. म्हणजे जिना झाडायचा-पुसायचा आठवडा. नोकर नाही, सोसायटीचा माणूस नाही. आळीपाळीनं प्रत्येक घरानं करायचं. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक छोटी लाकडी पाटी अडकवलेली सापडते. आपलं झालं की आपण ती पुढच्याच्या दाराला अडकवायची. मी म्हटलं, "नावातच केर आहे, मग अवघड ते काय?" पण ती पाटी आमच्या दाराला लागली तेव्हा बाळ आठ दिवसांचं होतं. जावई विसरले, मला माहीत नव्हतं, पाटी लटकत राहिली. आणि एका शनिवारी बेल वाजली. दारात खालच्या आजी. लेकीशी काहीतरी बोलल्या, बोट जिन्याकडे केलं, आणि गेल्या.

लेक दार लावून तिथेच जमिनीवर बसली. "काय म्हणाल्या गं?"

"जिना घाण आहे म्हणाल्या."

"एवढंच ना?"

"एवढंच. आई, मला साधा जिना झाडता येत नाही!" आणि हुंदके. जिना झाडायचं काय गं घेऊन बसलीस, असं मी म्हणणार होते, पण तिच्याकडे बघून तिच्याजवळ खाली बसले. त्या दिवसांत तिला कुणी नुसतं हाक मारली तरी ती आरोपासारखी लागायची.

त्या रात्री जावयांनी जिना झाडून पाटी पुढच्या दाराला लावली. एप्रिल उजाडला आणि पाटी पुन्हा आमच्या दाराला. जावई त्या शनिवारीही कामावर. मी पदर खोचला. म्हटलं, थांबा आता, कराडची बाई जिना कसा धुते ते दाखवते यांना.

लेकीनं सांगितलं होतं, "आई, नुसतं झाडायचं आणि ओल्या फडक्यानं पुसायचं." मला ते पटेना. पिळलेल्या फडक्यानं पुसणं म्हणजे पाहुण्याच्या हातावर नुसते चार थेंब टाकून पाय धुवायला सांगण्यासारखं. आमच्या घरी सणाच्या आदल्या दिवशी जिना धुवायचा म्हणजे वरच्या पायरीवरून बादली सोडायची, खराट्यानं घासायचं आणि पाणी आपलंआपण अंगणात. मी गरम पाण्यात साबणाची पूड घालून मोठी बादली भरली, आणि सोडली. मग दुसरी. मग तिसरी. खराटा नव्हता, कपड्यांचा ब्रश घेऊन उकिडवी बसून एकेक पायरी घासली. काय सुंदर दिसायला लागल्या हो पायऱ्या! अमेरिकनांच्या वेळची ती करडी फरशी चमकायला लागली. मी खाली पाहिलं, पाणी झुळूझुळू चाललंय. मनात म्हटलं, निघालंच सगळं.

निघालं, पण अंगणात नाही. तिथे जिन्याला अंगण नसतं. दाराशी उंबरा उंच असतो, थंडी आत येऊ नये म्हणून. पाण्याला दुसरी वाट म्हणजे तळघर. केलर. तिथे प्रत्येक घराची लाकडी पट्ट्यांची एकेक खोली, सायकली, जुनी खोकी ठेवायची. आणि तळघराच्या जिन्याच्या बरोबर खाली, उतारावर, खालच्या आजींची फळी.

खालून एक आवाज आला. किंचाळी नव्हे, नुसतं एक लांब "नाऽऽइन", म्हणजे नाही.

मी ब्रश टाकून धावले. आजी तळघरात उभ्या. पायऱ्यांच्या कडेनं पाणी ठिबकतंय आणि खाली ओळीनं मांडलेल्या काचेच्या बरण्या. साठेक असतील, तांबड्या, जांभळ्या, पिवळ्या, सगळ्या ओल्या. जमिनीवर पाण्यात तरंगताहेत कागदाच्या चिठ्ठ्या. एकही बरणी फुटली नव्हती, पण एकाही बरणीवर नाव नव्हतं.

मी हात जोडले. "सॉरी सॉरी," म्हटलं. आणखी चार वेळा म्हटलं. त्यांनी एक चिठ्ठी उचलली, शाई पसरलेली, माझ्यापुढे धरली आणि भराभर काही विचारायला लागल्या. मला ओ की ठो कळेना. त्यांना थोडं इंग्रजी येत होतं, मला त्याहून थोडं. शेवटी मी काय केलं असेल? वर तोंड करून हाक मारली, कराडच्या गच्चीवरून मारतात तशी, "अगं एऽऽ, खाली ये! बाळाला घेऊन ये! लवकर!"

सव्वा महिना, वारा, गारठा, सगळं त्या क्षणी विसरले. लेक घाबरून धावत आली, बाळ छातीशी, पायात मोजे, कानाला माझा रुमाल. बाळंतपणानंतर दवाखान्यातून वर चढली होती, ती त्या दिवशी खाली उतरली.

मग उलगडा झाला. आजी दरवर्षी मुरांबा-जाम करायच्या, वसाहतीच्या मे महिन्यातल्या जत्रेत विकायला. पैसे शाळेतल्या पोरांच्या सहलीला. चिठ्ठ्या डिंकानं नाही, दुधानं चिकटवायच्या. त्यांच्या आईची पद्धत. दूध लावलं की कागद पक्का बसतो, आणि बरणी रिकामी झाली की पाण्यानं चटकन निघतो, खरवडावं लागत नाही.

"चटकन निघतो हे तर दिसलंच," मी म्हटलं. लेकीनं ते भाषांतर केलं नाही.

"पण आई, खरी अडचण वेगळीच आहे," ती म्हणाली. "यातल्या काही बिनसाखरेच्या आहेत. समोरच्या काकांसाठी. त्यांना डायबेटीस आहे. आता कुठली कुठली ते ओळखता येत नाही. रंग सारखेच."

"मग चाखून बघायच्या," मी म्हटलं.

आजींना ते सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा माणसासारखं पाहिलं. "गेनाऊ," म्हणाल्या. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ. मग लेकीकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं, आत गेल्या आणि लोकरी चपलांचा एक जोड आणून तिच्यापुढे टाकला.

त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी टेबलाशी बसलो. बाळाला त्यांनी लेकीच्या हातातून विचारल्याशिवाय घेतलं, कपडे ठेवायच्या वेताच्या टोपलीत उशी घालून निजवलं आणि टोपली टेबलावरच ठेवली, बरण्यांच्या शेजारी. कार्टं टुकुटुकू बघत पडलं. एकाच वेळी भरलेल्या बरण्यांची झाकणं सारखी होती, त्यावरून आजींनी ढीग केले आणि प्रत्येक ढिगातली एकेक बरणी उघडायची ठरली. आजी चमचा द्यायच्या, मी चाखायचे, लेक चाखायची, मग आजी.

"ही गोड," मी.

"ही पण गोड."

"हे काय? ईऽऽ, हे आंबट ढाण! आपल्या रायआवळ्यासारखं!" माझं तोंड वाकडं झालं, डोळे मिटले. आणि मला आवाज ऐकू आला. लेक हसत होती. खुसूखुसू नाही, पोट धरून. मी डोळे उघडायलाच तयार नव्हते, थांबेल म्हणून. म्हटलं, आणखी एक चमचा द्या त्या आंबटाचा. खरंच मागितला आणि आणखी वाकडं तोंड केलं.

"आई, पुरे, नाटकी आहेस नुसती!"

चाखता चाखता आजी बोलत होत्या, लेक मला मराठीत सांगत होती. अठराव्या वर्षी त्या खेड्यातून याच वसाहतीत आल्या, अमेरिकन बायकांकडे इस्त्रीला. याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. शर्टाच्या कॉलरवरून किती वेळा झिडकारलं होतं त्यांना तिथल्या मालकिणीनं! फौजी गेले, घरं भाड्यानं निघाली, तेव्हा आजींनी पहिला अर्ज केला. "जिथे मागच्या दारानं शिरायचे, तिथे मला पुढच्या दाराची किल्ली हवी होती," म्हणाल्या. तेव्हा कळलं मला, त्या जिन्याला एवढं का जपतात ते.

मग एकदम त्यांनी चमचा खाली ठेवला आणि लेकीला काही विचारलं. मी म्हटलं, "काय विचारतात?"

"वरून रडण्याचा आवाज येतो, तो नेहमी बाळाचाच नसतो ना, असं विचारतात."

अशा गोष्टी आपण आडून विचारतो. बाई सरळ विचारून मोकळी. लेक चमच्याशी खेळत खेळत बोलायला लागली, जर्मनमध्ये. मला एक शब्द कळत नव्हता. पण मी आई आहे, मला सूर कळत होता. मला ती इतके दिवस "काही नाही" म्हणत होती, ते "काही नाही" त्या टेबलावर सगळं सांडत होतं. वाईट नाही वाटलं हो मला. कदाचित परक्या माणसाला, परक्या भाषेत सांगणं सोपं जातं. माझ्यापुढे बोलायचं तर तिला माझा चेहरा बघावा लागला असता.

मध्येच तिनं मराठीत म्हटलं, "आई, मी सांगितलं यांना, की तू गेल्यावर मला भीती वाटते. सोमवार ते गुरुवार."

मी आजींकडे बघितलं. आता काय म्हणतील? आपल्याकडची बाई असती तर म्हणाली असती, "होईल गं सगळं नीट, आम्ही आहोत ना." या काही तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, "आल्झो," म्हणजे तर मग, असं म्हणाल्या, आणि बोटं मोजायला लागल्या. लेक सांगत गेली. सोमवारी आजींचा व्यायामाचा वर्ग, तेव्हा सोमवारी समोरच्या काकू. मंगळवार, बुधवार दुपारी इथे, याच टेबलाशी, बाळ टोपलीत आणि आई सोफ्यावर झोपेल, दार बंद करून. गुरुवारी दोघींनी बाबागाडी घेऊन फिरायला, पाऊस असला तरी. आणि डॉक्टरकडे कधी? मंगळवारी? मग गाडी मी काढते.

"पण समोरच्या काकूंना कुणी विचारलंय?" मी म्हटलं.

आजी म्हणाल्या, "विचारू की. दाराला बेल कशाला आहे?"

आणि मग त्या पहिल्या शनिवारबद्दलही बोलल्या. "मी म्हटलंच होतं, जिना घाण आहे. होताच घाण. बाळ झालं म्हणून जिना स्वतःला झाडून घेत नाही. पण तू मला म्हणायचंस, मला जमत नाही, तुम्ही करा. मी केला असता. तू दार लावलंस."

मी त्या वसाहतीत दोन महिने काढले होते आणि मला वाटत होतं, इथली माणसं दगड आहेत. दगड नव्हती. ती बोलावल्याशिवाय यायची नाहीत, एवढंच. आणि आम्ही, न बोलावता येणाऱ्या माणसांची वाट बघत, खिडकीची फट बुजवून बसलो होतो.

आता उघडलेल्या बरण्यांचं काय करायचं? हवा लागलेला जाम टिकत नाही. आजींनी ताबडतोब फर्मान काढलं, प्रत्येक घरी एकेक. लेकीनं बाळाला कापडी झोळीत छातीशी बांधलं, मी थाळीत बरण्या मांडल्या, हळदीकुंकवाला निघाल्यासारखी, आणि आम्ही बेल वाजवत वर चढलो. प्रत्येक दारात तीच गोष्ट सांगायची, "माझ्या आईनं जिन्यावरून तीन बादल्या पाणी सोडलं..." सांगता सांगता लेकीची ती गोष्ट रंगत गेली. तिसऱ्या दारापर्यंत पाच बादल्या झाल्या होत्या. तुर्की काकूंनी तर आम्हाला आतच ओढलं. त्यांच्या गावाकडेही जिना पाण्यानंच धुतात, त्यांनी मला मिठी मारली. काकांनी त्यांची बिनसाखरेची बरणी छातीशी धरली. बसड्रायव्हर काकांनी जाम घेतला, माझ्याकडे वाकून बघितलं आणि म्हणाले, जिना मात्र असा चमकलेला अमेरिकन गेल्यापासून पाहिला नाही.

संध्याकाळी जावई आले. दार उघडलं तर जिन्यावर फडकी वाळत घातलेली, आत लेक पावाला जाम लावून खातेय. मला हळूच म्हणाले, "आई, काय झालं हो?"

मी म्हटलं, "काही नाही. जिना धुतला."

राहिलेल्या बरण्यांच्या नव्या चिठ्ठ्या पुढच्या मंगळवारी आम्ही लिहिल्या. नावं आजींनी सांगितली, लेकीनं लिहिली, आणि दूध लावायचं काम माझं. बशीत दूध, बोटानं लावायचं, कागद दाबायचा. आजी वरून बघायच्या, वाकडा लागला की पुन्हा काढायला लावायच्या. रायआवळ्यासारख्या त्या फळाच्या एका बरणीवर लेकीनं मराठीत "आईचं तोंड" असं लिहिलं, ती मला भेट.

लगेच सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी औषध दिलं, बोलायला एक बाई दिली, लेक मधून मधून पुन्हा खिडकीशी बसायची. पण आता खिडकी उघडी असायची. मी निघाले तेव्हा मे अर्धा झाला होता, जत्रा झाली होती, बरण्या संपल्या होत्या. निघताना माझी काळजी गेली होती असंही नाही. लहान झाली होती. विमानात बसले तेव्हा मनात तेच, सोमवार ते गुरुवार.

कराडला येऊन पंधरवडा झाला असेल. संध्याकाळी चहाची भांडी आवरत होते तर जावयांचा फोन. इंगोलश्टाटहून. आवाज चढलेला.

"आई, ही फोन उचलत नाहीये. चार वेळा केला. तुमच्याशी काही बोलली का? मी निघू का घरी?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं.

"अहो जावईबापू, आज वार कोणता?"

"बुधवार. का?"

"तुमच्याकडे किती वाजलेत?"

"दीड वाजून गेलाय."

"मग ती खाली आहे. बाळ टोपलीत, ती सोफ्यावर. फोन वर राहिलाय. आता तुम्ही आजींना फोन लावलात तर त्या ओरडतील तुम्हाला, झोपमोड केली म्हणून. जा, जेवून घ्या."

तिकडून जावई मग म्हणाले, "हो. बुधवार. खरंच की." आणि एवढा मोठा श्वास सोडला त्यांनी, मला इथे ऐकू आला.

तासाभरानं लेकीचाच फोन. झोपेतून उठलेला जड आवाज. "काय गं आई, तुम्ही दोघं मिळून काय गोंधळ घालताय? मी खाली होते." मागून आजींचं काहीतरी बोलणं ऐकू येत होतं. "आणि ऐक ना, आता फार बोलत नाही. पाटी आलीये दाराला, जिना करायचाय. काकू बाळाला घेऊन बसल्यात."

"पाण्यानं धू," मी म्हटलं.

"फडक्यानं," ती म्हणाली. "पिळलेल्या." आणि फोन ठेवला.

मी तशीच उभी राहिले, हातात पुसायचं पातेलं. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "काय झालं? काय म्हणते?" मी म्हटलं, "तिला बोलायला वेळ नाहीये." ते म्हणाले, "मग हसतेस काय?"

मी फळीवरून "आईचं तोंड" काढलं, पोळीला लावलं आणि त्यांना दिलं. त्यांचंही झालंच वाकडं.